घोटीची गिरणी

प्रफुल्लने काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला आणि टेपरेकॉर्डरचं हेड पुसून काढलं. कापूस तपकिरी निघाला. त्याने दुसरा घेतला. मागे त्याचे वडील, भिकनराव, हात पाठीशी बांधून उभे होते.

"बाबा, बसा ना. मानेवर श्वास लागतोय तुमचा."

"मी कुठं काय केलं? उभाय नुसता."

पण बसले नाहीत. कॅसेट त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने काढली, पँटवर पुसली आणि प्रफुल्लच्या हातात दिली. पलीकडच्या खोलीत प्रफुल्लच्या आईची, चांगुणाबाईंची, शिलाई मशीन चालली होती. कॉलनीतले निम्मे ब्लाऊज त्या मशीनवरच शिवले जात, त्यामुळे या घरात रविवार असा कधी नसायचाच.

कॅसेट ललिताची होती, प्रफुल्लच्या थोरल्या बहिणीची. तिला घोटीला दिली होती, भाताची गिरणी असलेल्या घरात. भिकनराव तेव्हा आखातात, दम्मामला ट्रक चालवायचे. शहाण्णव साली तिकडे निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर चांगुणाबाईंनी ही कॅसेट पाठवली होती, ललितानं घोटीहून धाडली म्हणून. "बाबा, मी सुखात हाय. हे चांगले हायेत. सासूबाई जीव लावतात. तुम्ही काळजी करू नका." मागे सतत घरघर. भिकनराव तिथल्या खोलीत सोबत्यांना कौतुकाने सांगायचे, "ऐका, आमच्या व्याह्यांची गिरणी हाय ती."

वर्षाच्या आत ललिता जळून गेली. स्टोव्ह भडकला, असं सासरच्यांनी सांगितलं. केस उभी राहिली. सासरच्यांच्या वकिलाने भिकनरावांना एकच प्रश्न विचारला, मुलीने तुमच्याकडे कधी तक्रार केली होती का? भिकनराव खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणाले, "नाय साहेब. कॅसेटमधी तर ती सुखात हाय म्हनली होती." झालं! बापाच्याच तोंडून जावई सुटला.

तेव्हापासून त्या कॅसेटने त्यांचा पिच्छा पुरवला. ऐकून ऐकून पट्टी झिजली, आणि एक दिवस त्यांनी प्रफुल्लला हाताला धरून बसवलं. "नीट ऐक. पोरगी बोलायच्या आधी दर खेपेला मागं कुनीतरी कुजबुजतं. जावईच हाय तो. पढवतोय तिला. तू कॉम्प्युटरवाला ना? गिरणी काढून टाक आन त्याचा आवाज मला काढून दे. मी परत कोर्टाची पायरी चढतो."

इतक्या वर्षांनी कोर्ट काय ऐकणार होतं, कपाळ! ओळखीच्या वकिलाने तर तोंडावर हसून घेतलं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

प्रफुल्ल गंगापूर रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. विकत घ्यायचं सॉफ्टवेअर आवाक्याबाहेरचं होतं. शोधता शोधता इंटरनेटवर त्याला एक बेवारस प्रोग्राम सापडला. फिनलंडच्या कुणा माणसाने आवाजातला गोंगाट काढण्यासाठी तो लिहिला होता, सगळा कोड जगाला फुकट वाटला होता आणि शेवटी दोन ओळी लिहून बाजूला झाला होता: मला आता हे जमत नाही, ज्याला हवं त्याने पुढे न्यावं. प्रफुल्लला नवल वाटलं. आपल्याकडे मेलेल्या माणसाची सायकलसुद्धा भाऊबंद सोडत नाहीत!

प्रोग्राम नव्या मशीनवर धड सुरूही होत नव्हता. सुरू झाला तर मोठी फाईल उघडताच मान टाकायचा. प्रफुल्ल रोज सकाळी क्लासला जाण्याआधी त्याच्याशी झटायचा. एक चूक काढावी तर तिच्या पोटातून दुसरी निघायची. हळूहळू प्रोग्राम उभा राहिला. त्याला बोलणं सुरू होण्याआधीचा नुसता गोंगाट ऐकवायचा, मग तसला गोंगाट तो सगळीकडून वजा करायचा. प्रफुल्लने त्याला थांबत थांबत येणारा गोंगाटही ओळखायला शिकवलं आणि नवी आवृत्ती पुन्हा जगाला वाटून टाकली. पोर्तुगालमधला एक म्हातारा त्यावर गावाकडच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी साफ करायचा. त्याने कळवलं, "तू वजा करतोस ते कुठे जातं? तेही ऐकायची सोय कर. कधी कधी गोंगाटाबरोबर माणूसही निघून जातो." प्रफुल्लला ते पटलं. त्याने एक बटण वाढवलं: वजा केलेलं ऐका.

चांगुणाबाईंना मात्र हा उद्योग पहिल्यापासून खपला नव्हता. "मढी उकरून कुनाचं भलं झालंय?" त्या म्हणायच्या. "पोरीला आता तरी निजू द्या."

आता त्याने कॅसेट लावली, आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतला, गोंगाटाचा तुकडा निवडला आणि काम सुरू केलं. पडद्यावरची पट्टी भरत गेली. मग त्याने हेडफोन वडिलांच्या कानांवर चढवला.

भिकनरावांचा चेहरा आधी दगडासारखा होता. मग त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. "माझी ललू," ते म्हणाले. "अरे, इथं बसल्यागत बोलतीय रे." आणि लहान मुलासारखे रडले. बऱ्याच वेळाने हेडफोन काढून म्हणाले, "पन तो कुजबुजणारा कुठं गेला?"

"गिरणीबरोबर गेला असेल. थांबा, बघतो."

ते तोंड धुवायला मोरीत गेले. प्रफुल्लने हेडफोन घातला आणि नवं बटण दाबलं.

घरघर आली. पण गिरणी अशी चालत नाही. ही धावायची, अडायची, पुन्हा धावायची. मध्येच लाकडावर कात्री ठेवल्यासारखा आवाज झाला. हेडफोनमध्ये काही बिघाड असेल म्हणून प्रफुल्लने तो काढला.

घरघर चालूच होती. पलीकडच्या खोलीतून येत होती.

या घरात टेपरेकॉर्डर कायम मशीनच्या फळीवरच असायचा, कारण प्लग तिथेच होता. त्या वर्षी बुद्धजयंतीला ललिता माहेरी आली होती, हे त्याला आठवलं. तो तेव्हा औरंगाबादला वसतिगृहात होता. त्याने हेडफोन पुन्हा घातला.

"सांग, मी सुखात हाय," आईचा दबका आवाज म्हणाला. "सांग, सासूबाई जीव लावतात."

आणि शेवटी ललिता, अगदी हळू, "आई, मला नाय जायचं परत."

"हळू बोल, चालू हाय ते. त्यांना तिकडं घोर नको. तुझे बाबा आले की बघू."

प्रफुल्लला आईचा इतका राग आला की उठून ती मशीन रस्त्यावर फेकावी. आणि त्याच क्षणी, आत जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवावं असंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच त्याच्याने झालं नाही.

मशीन थांबली. चांगुणाबाई दारात आल्या. गळ्यात मोजमापाची टेप होती. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. नको सांगू असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि सांग असंही नाही.

भिकनराव टॉवेलने तोंड पुसत आले. "सापडला का रे?"

"नाही बाबा. गिरणीच आहे. दुसरं कुणी नाही."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

प्रोग्रामने विचारलं, वजा केलेला आवाज जतन करायचा का? प्रफुल्लने नाही म्हटलं.

भिकनराव खुर्चीत बसले. टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "म्हंजी कुनी पढवलं नव्हतं," ते म्हणाले. "आपल्या मनानंच बोलली ती. सख्ख्या बापाशी खोटं बोलली पोरगी. मी काय तिला तोडून टाकलं असतं का?"

आपल्या उत्तराचा असा अर्थ निघेल, हे प्रफुल्लला सुचलंच नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. चांगुणाबाईंचे ओठ हलले. मग त्या वळल्या आणि आत गेल्या.

घरात काही आवाज नव्हता. भिकनरावांनी कॅसेट खिशात ठेवली आणि मान वर केली.

"चांगुणा, मशीन का बंद केलीस गं? चालू दे. तेवढंच घर भरल्यासारखं वाटतं."

जरा वेळाने मशीन सुरू झाली. प्रफुल्लला खुर्चीतून आतलं दिसत होतं. आईचे पाय चालले होते, चाक फिरत होतं. सुईखाली कापड नव्हतं.