दोन नंबरच्या रिमोटचा माईक

वडशाच्या रेल्वे फाटकाजवळ पत्रूचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढची खोली गिऱ्हाइकांची, मागे त्याचं कामाचं टेबल आणि टेबलाला लागूनच चूल. पत्रूला एका कानाने ऐकू येत नसे, दुसऱ्याने कमी येई. गिऱ्हाईक पुढे हाका मारून कंटाळून निघून जायचं आणि हा मागे नाटक कंपन्यांचे ॲम्प्लिफायर उघडून बसलेला असायचा.

सत्त्याण्णव साली त्याने यावर तोड काढली, तीही कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेल्या व्हिडिओ गेमच्या जिवावर. गेमला दोन रिमोट होते. दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. त्या जागी बारीक भोकांची जाळी होती आणि जाळीमागे माईक. हाती असलेल्या एकाही कॅसेटमध्ये त्या माईकचं काम पडत नसे. पोरं ती जाळी शोभेची समजत. पण तिच्यात बोललं की आवाज टीव्हीतून येतो, हे पत्रूने हेरलं. त्याने वायर लांबवली, माईकला थोडा जोर दिला आणि रिमोट पुढच्या खोलीत बाकामागे खिळ्याला टांगला. मग "पत्रूभाऊ, आहा का?" ही हाक मागच्या टीव्हीतून यायला लागली. भिंतीला कान असतात म्हणतात. पत्रूने आपल्या भिंतीला तो स्वतः बसवला होता, आणि भेटेल त्याला कौतुकाने सांगत होता.

घरात तो आणि त्याची मुलगी कमळा. बायको कधीच वारली होती. कमळा एकोणतीस वर्षांची, हुशार, शिवणात तरबेज. लहानपणीच्या तापात डावा पाय गेला तेव्हापासून ती तो ओढत चाले. तीन स्थळं तिचं चालणं पाहून परत गेली होती. चहा मात्र तिघांनीही संपवला. नकार द्यायलाही घसा ओला लागतो. कमळाला लग्न हवं होतं, यात लाजायचं काय? कुणीतरी आपल्याला नीट पाहावं आणि हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

चौथं स्थळ नागभीडहून सकाळच्या पॅसेंजरने आलं. श्रीहरी आणि त्याची आई गिरजाबाई. श्रीहरी राइस मिलमध्ये कामाला होता. पहिली बायको वारली, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. पत्रू उजाडल्यापासून कमळाच्या मागे लागला होता. "हळू चाल. साडी खाली सोड. पाय दिसला नाई पाहिजे."

कमळाने पडद्याच्या फटीतून पाहिलं. श्रीहरी खाली मान घालून बसला होता, गरीब चेहऱ्याचा. तिला तो आवडला.

पाहुणे बोलत ते पत्रूला दोनदोनदा सांगावं लागत होतं. शेवटी "पोहे आणतो" म्हणून तो मागे आला. टेबलावर गिऱ्हाइकाचा टीव्ही टेस्टिंगला चालू होता, गेमही चालूच. बाकामागचा रिमोट काढून ठेवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. रोजची वस्तू कुणाला दिसते?

"मध्यस्थाने सांगतलं होतं ना तुले? तरी लंगडी पोरगी दाखवून राह्यली तू मले?" टीव्हीतून श्रीहरीचा आवाज आला.

"लंगडीच पाहिजे," गिरजाबाई म्हणाली. "पहिली काऊन सोडून गेली? तू हात उचलला का कुंपण कुदून माहेरी पळे. हे कुठी पळते? आन् बापाले ऐकू येत नाई. वरडली तरी कोण येते?"

श्रीहरी हसला. हसणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. पत्रूचं काम पक्कं होतं.

कमळाचा हात पोह्यांत तसाच राहिला. तिने बापाकडे पाहिलं. त्याने चांगला कान टीव्हीकडे केला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो उठला. आता हा बाहेर जाईल, दोघांना हाकलून देईल, असं तिला वाटलं आणि त्या क्षणी बापाबद्दल एवढी माया दाटून आली की डोळे भरले.

पत्रूने हात लांबवून टीव्हीचा आवाज बंद केला.

"बाबा, ऐकलं ना तुमी?"

"मले कुठी ऐकू येते?" तो तिच्याकडे न पाहता म्हणाला.

गरजवंताला अक्कल नसते, असं म्हणून लोक अशा बापांना सोडून देतात. पत्रूला अक्कल होती, चांगली होती. त्याने पोह्यांवर कोथिंबीर टाकली, ताट लेकीच्या हातात दिलं आणि तिचा पदर सारखा केला.

"जशी चालतं तशीच चाल," तो हळूच म्हणाला. "पाय लपवू नोको."

कमळा ताट घेऊन बाहेर गेली. गिरजाबाईने आधी तिचा पाय पाहिला, मग तोंड. तिला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि मुलाला न विचारता म्हणाली, "पसंत आहे आमाले."