तांबडा फडका

डबे गळायला लागले आणि कंपनीला दोषी माणूस हवा झाला. अकराला मुंबईहून फोन यायचा होता, त्याच्या आत हवा होता. धाकूकाका हाताशीच सापडले.

दीपाली मॅनेजरच्या केबिनमध्ये उभी होती. मिरजोळ्याच्या या कारखान्यात मार्चपर्यंत सहा वर्षं दोन नंबरच्या लाइनची इंजिनीअर तीच होती. आंब्याच्या रसाच्या डब्यांना झाकण बसवणाऱ्या मशीनवर धाकूकाका. मशीन करकरायला लागलं की काका ते थांबवून दांड्याला तांबडा फडका बांधत. दीपाली येई, तपासे, फडका सोडी. मग काका बटण दाबत. त्या कलकलाटात बोलून ऐकू तरी काय येणार!

मार्चमध्ये कंपनीने लाइनवरचे इंजिनीअर उचलून वरच्या मजल्यावर एकत्र बसवले. कागदावर फार देखणं दिसलं ते. दीपालीच्या वाट्याला तीन नंबर आला, दोन नंबरवर रितेश हा नवा इंजिनीअर जाऊ लागला. ऐन हंगामात नऊशे डबे गोदामात गळले.

"खराब मशीन चालवलंत कशाला?" मॅनेजर महेंद्रसाहेबांनी दीपालीशेजारी उभ्या काकांना विचारलं. समोरच्या अहवालात दोषी म्हणून काकांचं नाव होतं. सही झाली की काका घरी.

"मी फडका बांधला व्हता," काका पलीकडे उभ्या रितेशकडे बोट करत म्हणाले. "ह्या सायबांनी सोडलानी. मगच चालू केली."

रितेश गांगरला. "सोडला, सर. मला वाटलं, घाण लटकतेय."

लाइन सोपवताना दीपालीने चाळीस पानी टिपण लिहिलं होतं. तेलाचा नंबरसुद्धा होता त्यात. फडका नव्हता.

एक तारखेला ती वरच्या टीमची प्रमुख होणार होती. गप्प बसली तर होणारच होती.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली आणि फडक्याचं सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "हे लिहून दिलंत तर एक तारीख विसरा."

"नको गो बाय," काका पुटपुटले.

दीपालीने अहवाल ओढून काकांचं नाव खोडलं आणि स्वतःचं लिहिलं. मग टिपण मागवलं, रितेशला शेजारी बसवलं आणि एकेचाळिसावं पान सुरू केलं: मशीन तपासल्याशिवाय तांबडा फडका सोडायचा नाही.