तपासण्यात आले

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसवत नाही. शिड्यांच्या कारखान्यात टेबलाच्या खणात माझा मुक्काम असतो; खण उघडला की दचकतो. माझ्या पोटावर दोनच शब्द उलटे कोरले आहेत: 'तपासण्यात आले'. शिडी असो की स्टूल, माझं आपलं तेच. कोणी तपासलं, हे कोरणाऱ्याने लिहिलंच नाही. जागा पुरली नाही म्हणे!

पूर्वी मी तपासनीसकाकांच्या हातात होतो. ते शिडी नीट पाहून मगच मला शाईत बुडवत. ठसा बघून मालक म्हणत, शिक्का असावा तर असा. मीही फुगायचो. काका निवृत्त झाले आणि मी येईल त्याच्या हाती लागलो. चहाआधी पन्नास ठसे, चहानंतर पन्नास. शिड्यांकडे बघतो कोण? मला ओरडावंसं वाटे, पण रबराला कुठली जीभ!

शेवटी एका रंगाऱ्याच्या पायाखालची पायरी निखळली. पाय मोडून तो तीन महिने घरी बसला. मालकांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, तर जो तो माझ्याकडे बोट दाखवून मोकळा: तपासण्यात आलं होतं, शिक्का आहे ना. चोर सोडून संन्याशाला फाशी! तरी मला लाज वाटलीच. खोटं माझ्याच तोंडून गेलं होतं.

परवा तो रंगारी लंगडत नवी शिडी न्यायला आला. तो चढला नाही तर घरची चूल थंड. पण माझा ठसा पाहून त्याने शिडी परत भिंतीला टेकवली.

"कोणी तपासली?"

पॅकिंगच्या मावशी पुढे आल्या, पदर खोचून वरपर्यंत चढल्या. चौथ्या पायरीचा स्क्रू ढिला निघाला. तो त्यांनी आवळला, पुन्हा चढून पाहिलं आणि माझ्या ठशाखाली पेनने लिहिलं: 'मी तपासली.' खाली सही केली.

"आणि परत पडलो तर, मावशी?"

"तर माझ्या घरी या भांडायला. पत्ता लिहून देते."

रंगाऱ्याने शिडी खांद्यावर घेतली.

मित्रांनो, 'उद्या दुकान बंद ठेवण्यात येईल' असं खुशाल लिहा. त्याने कोणाचा पाय मोडत नाही. पण तुमच्या शब्दावर कोणी वर चढणार असेल, तर 'मी' लिहायला कचरू नका. मावशी आता रोज सही करतात. एखाद्या दिवशी विसरतील, या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नसतो. शिडी घ्याल तेव्हा ती सही शोधा. नसेल, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका.