बाजू संपली, गाणं उरलं

मित्रांनो, मला दोन कप्पे आहेत. एकात भरलेली कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी, आणि दोन बटणं एकदम दाबायची, की पहिलीतलं गाणं दुसरीत उतरतं. आता मी जुना झालो आहे. एका कप्प्याचं झाकण दोऱ्याने बांधलेलं आहे. तरी मी टेपरेकॉर्डरच आहे, आणि अजून वाजतो.

मला ज्या कारखान्यात बनवलं तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते उजुंगब्रुंगचं घर. इंडोनेशियातल्या बांडुंग शहराच्या पूर्वेला भातखाचरं संपून कापडगिरण्या लागतात, तिथे गल्लीच्या टोकाला ते घर आहे. घरात अंबू, म्हणजे आई, तिची मुलगी नेनदेन आणि धाकटा मुलगा इयुस. अंबूला क्रोंचोंगची, म्हणजे तिकडच्या संथ, गोड चालीची जुनी गाणी ऐकायची होती म्हणून मला आणलं. पहिल्या वर्षी मी तेवढंच वाजवलं.

मग इयुसने मित्राकडून एक कॅसेट आणली. ती माझ्यात घातली आणि मीच दचकलो. अंबू स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“हे गाणं आहे की शेजारी भांडण लागलंय?”

“हेवी मेटल आहे, अंबू,” इयुस म्हणाला.

“भांडी घासताना यापेक्षा बरा आवाज येतो.”

नेनदेन मात्र जवळ येऊन बसली. गाणं संपल्यावर तिने कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा ऐकताना ती म्हणाली, “खाली एक जाड आवाज चाललाय बघ. सगळे ओरडतायत आणि तो आपला शांतपणे सगळ्यांना उचलून नेतोय.” तो बेस गिटारचा आवाज होता. तिला त्याचं नाव तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर नेनदेन गाणी शोधू लागली. गिरणीतून सुटली की बाजारातली जुन्या कॅसेटची दुकानं पालथी घालायची. गल्लीत एक नियमच पडला: ज्याच्या हाती नवी कॅसेट येईल त्याने ती एक दिवस माझ्याकडे ठेवायची, मग ज्याला हवी त्याने भरून न्यायची. कोरी कॅसेट नेहमी मिळायची नाही. मग अंबूची एखादी कॅसेट घ्यायची, वरच्या खाचांना चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावरच भरायचं.

“माझी क्रोंचोंगवाली बाई कुठे गेली?” अंबू विचारायची.

“ती मागच्या बाजूला आहे, अंबू. तिला तिथे जास्त जागा आहे.”

गल्लीतला गुगुम पंकवाला. केस काट्यांसारखे उभे, पँटला ठिगळं, आणि स्वभाव लोण्यासारखा. त्याची गाणी सुरू होईपर्यंत संपायची. नेनदेनला तीही आवडली. हेवी मेटल ऐकताना ती दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसायची. पंक लागलं की घर झाडायची. आणि प्रोग्रेसिव्ह रॉक लागलं की हातातलं काम खाली ठेवायची, कारण ते गाणं कुठून निघून कुठे जाईल याचा भरवसा नसायचा.

असंच एक लांबलचक गाणं गुगुमने एका दिवसासाठी शहरातून आणलं. मूळ कॅसेट नव्वद मिनिटांची होती, घरात उरली होती साठची. भरता भरता साठच्या कॅसेटची बाजू संपली, माझं बटण टक् करून वर आलं, आणि गाणं तिथेच थांबलं. तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मूळ कॅसेट संध्याकाळी परत गेली. पुढे सगळ्या गल्लीने त्या साठच्यावरूनच कॅसेटी भरून नेल्या, आणि सगळ्यांनी मानलं की गाणं असंच आहे: जोरात चढत जातं, एका उंच जागी पोचतं, आणि टक्.

मलाही तसंच वाटत होतं, मित्रांनो. मी तरी पुढचं कुठे ऐकलं होतं?

पुढे इयुस आणि गुगुमने बँड काढला. मागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले आणि सराव सुरू झाला. ते लांब गाणं त्यांचं खास. शेवटच्या उंच जागी सगळे एकदम थांबायचे, आणि गुगुम ड्रमच्या कडेवर काठी मारायचा: टक्. ऐकायला आलेली पोरं त्याच क्षणी मूठ वर करून ओरडायची. माझं बटण गाण्यात गेलं म्हणून मी मनातून फुललो होतो.

नेनदेनचं लग्न झालं. नवरा ट्रक घेऊन सुरबायाच्या वाटेवर असायचा, म्हणून बाळंतपणानंतर ती लेकीला, किनांतीला घेऊन अंबूकडेच राहिली. त्याच सुमारास बँडचा बेस वाजवणारा मुलगा नोकरीसाठी बातामला गेला. त्याचा बेस भिंतीला टेकून पडला होता. नेनदेनने तो उचलला. इतकी वर्षं ऐकून ऐकून बोटांना वाट माहीत होती.

“सरावापुरती ठीक आहेस, तेह,” इयुस म्हणाला. तिकडे थोरल्या बहिणीला तेह म्हणतात. “स्टेजवर दुसरा कुणी बघू.”

“का?”

“बाळाला कोण बघणार? अंबूकडे ती रडते.”

“शिवाय तू आमचा रेडिओ आहेस,” गुगुम म्हणाला. “रेडिओ कधी स्टेजवर चढतो का?”

नेनदेन हसली नाही. तिला स्टेजवर उभं राहायचं होतं. गल्लीत जे काही वाजत होतं त्यातलं बरंचसं तिनेच शोधून आणलेलं होतं, आणि एकदा तरी तिला ते आपल्या हाताने लोकांसमोर वाजवायचं होतं.

ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेत आमच्या चौकात मंच घालतात. बँड निवडायचं काम रुस्तांदी नावाच्या गृहस्थांकडे होतं. त्यांचं जुन्या कॅसेटचं दुकान, आणि सगळे त्यांना कांग, म्हणजे दादा म्हणत. ते सराव ऐकायला आले, तेव्हा किनांती झोपली होती आणि बेस नेनदेनच वाजवत होती. गाणं चढलं, थांबलं, गुगुमने टक् केलं. कांग रुस्तांदी तसेच बसून राहिले.

“हं. पुढे?”

“पुढे काय, कांग? संपलं,” इयुस म्हणाला.

“संपलं कसं? अर्धंच तर झालंय.”

“हे असंच आहे. आमच्या कॅसेटवर आहे ना.”

कांगना हसू आवरेना. “आणि ते टक् काय होतं?”

“ते गाण्यातच आहे,” गुगुम घुश्शात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची मूळ कॅसेट पाठवली आणि निरोप दिला: पूर्ण वाजवणार असाल तर शेवटी वाजवायचा मान तुमचा, नाहीतर दुसरं गाणं निवडा.

नेनदेनने ती कॅसेट लगेच माझ्यात घातली नाही. आधी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून माझं आतलं सगळं पुसलं, चाकं हळूच फिरवून पाहिली. मग बटण दाबलं. ओळखीची उंच जागा आली. मी सवयीने थांबायला तयार झालो, आणि गाणं थांबलंच नाही. ते हळू झालं. सगळा गोंगाट मागे पडला आणि तो खालचा जाड आवाज एकटाच चालत राहिला, बराच वेळ. तिने ज्याच्यासाठी हे सगळं ऐकायला सुरुवात केली होती, तोच आवाज. नेनदेन ओंजळीत तोंड धरून बसली होती.

गुगुमने ऐकून मान हलवली. “मी नाही वाजवणार. आमचं गाणं टक्ला संपतं. एवढी वर्षं पोरं ओरडलीत ती काय उगीच?”

इयुसने कपाळाला हात लावला. “हे सगळं बेसचं काम आहे. इतक्या थोड्या दिवसांत कोण बसवणार?”

“मी,” नेनदेन म्हणाली.

बसवायला मात्र वेळ मिळेना. मला लावायचं, चार सूर ऐकायचे, बेस हातात घ्यायचा, की किनांती उठायची. तिला दूध पाजायचं, मग अंबूला बाजाराची पिशवी, मग कपडे. पुन्हा मला लावायचं, की दारात कुणीतरी. त्या पहिल्या दिवसानंतर तो लांब भाग तिने सलग एकदाही ऐकला नव्हता. तुकड्यातुकड्यांनी बोटं शिकत होती, पण तुकडे जोडले जात नव्हते. अंबू म्हणाली, “सोड गं. बाळ मोठं झालं की वाजव.” नेनदेनने बेस भिंतीला टेकवला आणि दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

गुगुम तिथे तळलेली बालाबाला भजी खात बसला होता. तो म्हणाला, “बरं झालं. टक् वाचलं.”

नेनदेनने घडी अर्धवट ठेवली. “गुगुम, तो पुढचा भाग तू नीट ऐकलास का?”

“नाही.”

“त्यात ड्रम नाहीच. अगदी शेवटी येतो तेवढाच. तू टक् कर, पोरांना ओरडू दे, आणि मग तुला बराच वेळ काही काम नाही.”

“म्हणजे मी नुसता बसू?”

“नुसता कशाला?” ती उठली आणि किनांतीला त्याच्या मांडीवर ठेवलं. “हिला धर.”

गुगुमचे हात तेलकट होते. त्याने ते पँटच्या ठिगळांना पुसले आणि बाळाला असं धरलं, जणू ती नवीकोरी कॅसेट आहे. किनांतीने त्याच्या केसांचा एक काटा मुठीत पकडला आणि गप्प बसली.

“तेह, ही सोडत नाहीये.”

“असू दे. गाणं होईपर्यंत नको सोडवूस.”

त्या दुपारी नेनदेनने तो भाग पुन्हा सलग ऐकला. मग रोज गुगुम यायचा, बाळ घ्यायचा, आणि ती वाजवायची. अंबू दारातून बघायची आणि आत जायची. एके दिवशी तिने गुगुमसाठी गरम बाजिगुर, म्हणजे नारळाच्या दुधाचं गोड पेय, आणून ठेवलं. इयुसने स्टेजसाठी दुसरा मुलगा बघायचा विषय पुन्हा काढला नाही.

जत्रेच्या दिवशी कार्यक्रम भरून घ्यायला मलाही मंचाच्या कडेला ठेवलं होतं. उन्हं उतरली होती. गाणं चढलं, उंच जागी थांबलं, गुगुमने टक् केलं आणि सगळा चौक मुठी वर करून ओरडला. लोक उठून जायला लागले. गुगुमने काठ्या खाली ठेवल्या, मंचाच्या कडेला येऊन अंबूच्या हातून किनांतीला घेतलं आणि तिथेच उभा राहिला. नेनदेनने बेसची तार छेडली.

“अहो, संपलंय ते,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“गप्प रे,” गुगुम म्हणाला. “ऐक.”

उठलेली माणसं उभीच राहिली. ती एकटी वाजवत होती. एका जागी तिचं बोट घसरलं, पण ती थांबली नाही. बऱ्याच वेळाने इयुसची गिटार हलकेच येऊन मिळाली. शेवटी ड्रम यायचे होते, तेव्हा गुगुमच्या ते लक्षातच राहिलं नाही. गाणं ड्रमशिवाय संपलं. कुणी ओरडलं नाही. टाळ्या सुरू झाल्या आणि मंचावरून नेनदेन खाली उतरेपर्यंत चालू राहिल्या.

आता सगळी गाणी फोनमध्ये असतात आणि महिनोन्महिने मला कुणी हात लावत नाही. माझी फार तक्रार नाही. वर्षातून एकदा कापसाने आतून पुसा, सेल आत ठेवून विसरू नका, एवढं पुरे. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादी बाई कामं बाजूला ठेवून गाणं ऐकत बसलेली दिसली, तर तिला हाक मारू नका. तिच्या मांडीवरचं मूल तुम्ही घ्या, आणि गाणं पुरं होईपर्यंत परत देऊ नका.