पान न उलटता उमटलेला शिक्का

मी शिक्का बोलतोय. रोपं तपासणाऱ्या कचेरीतला, लाकडी मुठीचा. परदेशातून बंदरावर उतरलेल्या रोपांच्या कागदावर 'कीडमुक्त' हा एकच शब्द मी आयुष्यभर उमटवत आलो. माझ्याशिवाय एकही खोकं फाटकाबाहेर जायचं नाही, त्यामुळे मी थोडा शेफारलोही होतो.

माझे साहेब भारी काटेकोर. रोप पांढऱ्या कागदावर झटकायचं, पान उलटायचं, भिंग लावायचं, मगच मला हात लावायचा. माल सोडवायला आलेले लोक ताटकळून वैतागायचे. साहेब जावईसुद्धा भिंगातूनच बघून आणणार, अशी थट्टा चालायची. साहेब हसायचे आणि पुढचं पान उलटायचे.

मग त्यांच्या धाकट्या भावाने मागवलेली संत्र्याची रोपं आली. जहाज आठवडाभर रखडलं होतं.

"दादा, मुळं सुकायला लागलीत. तिकडचा तपासणीचा दाखला आहे की सोबत," भाऊ म्हणाला. त्याच्या मनात कपट नव्हतं.

साहेबांनी खोक्यांकडे पाहिलं, भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भिंगाऐवजी मला उचललं. मी उमटलो. शाई छान ठळक उठली होती.

वर्षभरात भावाच्या बागेतली पानं चिकट होऊन गळू लागली. शेजाऱ्यांना नव्या रोपांचा संशय आला. भावाने पिशवीत जपलेला कागद काढून दाखवला. आपल्या दादाचा शिक्का आहे म्हणाला. त्या भरवशावर कुणी ती रोपं उपटली नाहीत. तोवर पानांमागचे पांढरे किडे कुंपणं ओलांडून सगळ्यांच्या बागांत पोचले. शेवटी सगळ्याच बागा तोडून जाळाव्या लागल्या.

भाऊ कचेरीत आला तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा वास होता. त्याने कागद टेबलावर ठेवला.

"दादा, तू पानं उलटून बघितली होतीस ना? एवढंच सांग. लोकांना तोंड दाखवायचंय मला."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. भाऊ काय ते समजला. कागद तिथेच टाकून निघून गेला.

साहेबांनी झालेली चूक लिहून दिली आणि नोकरी सोडली. भाऊ अजून त्यांच्या दारी येत नाही. मी खणात पडून आहे, रबराला भेगा पडल्यात. वर टेबलावर नवा शिक्का आपटल्याचा आवाज येतो, तेव्हा जीव घाबरा होतो.

नव्या साहेबांनो, समोर सख्खा भाऊ उभा असला तरी आधी पान उलटा. त्या दिवशी मी साहेबांच्या हातून निसटून पडलो असतो, तरी बरं झालं असतं.