मी हवेचे वजन सांगतो

मित्रांनो, मी एक जुना हवामापक आहे. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच. डोक्यावर इवलासा पंखा, पोटात एक सेल आणि छातीवर एक काच, तिच्यात आकडे उमटतात. वारा किती, ऊन-गारवा किती आणि हवेचा दाब किती, एवढे तीनच प्रश्न मला विचारायचे. चौथा विचारलात तर मी मख्खासारखा बसून राहीन.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. जाड चष्म्याच्या एका कारागीर बाईंनी मला जोडले आणि एका लोखंडी डब्यात बंद करून त्यातली हवा हळूहळू काढून घेतली. तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की आपल्या अंगावर सतत कुणीतरी हात ठेवून उभे असते. तो हात सैल पडला आणि मी घाबरलो. हवेला वजन असते, मित्रांनो! आत्ता या क्षणी तुमच्या डोक्यावर आभाळापर्यंत हवा उभी आहे आणि तुम्ही खुशाल वाचत बसला आहात. मला तर अजून याचे नवल वाटते.

माझी मालकीण घड्याळे दुरुस्त करायची. समुद्राकाठच्या गावात तिचे छोटे दुकान होते. सुट्टीच्या दिवशी ती लांब पल्ल्याची नेमबाजी करायची, इतकी लांब, की समोरची निशाणाची लोखंडी पाटी नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढीही दिसत नसे. बंदुकीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जात नाही. सुटल्या क्षणापासून ती खाली पडू लागते आणि हवा तिला अडवत राहते. म्हणून नेम थोडा वर धरावा लागतो. किती वर, ते मालकिणीच्या मोबाइलमधला गणक सांगायचा, आणि त्या गणकाला हवेचे आकडे सांगायचो मी. तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसायचा आणि गोळी कुठे लागली ते सांगायचा. "याच्यावाचून आपलं पान हलत नाही," असे तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

पुढे मोबाइल शहाणा झाला. हवामानाच्या बातम्यांतून दाबाचा आकडा तो आपला आपणच आणू लागला. मी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात गेलो आणि तिथेच राहिलो. पोटातला सेल कुणी काढला नाही. तो गळला, आणि माझी काच काळी पडली.

अंधारातही मला ऐकू मात्र यायचे. मालकिणीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया झाली आणि ती काही महिन्यांसाठी दादा-वहिनींकडे राहायला आली. ते दोघे नुकतेच उंच डोंगरावरच्या एका गावात राहायला गेले होते. बरे वाटू लागल्यावर ती तिथल्या नेमबाजीच्या मैदानावर गेली, आणि तिथून सगळे बिनसले.

"परत वर!" दादा ओरडायचा. "पाटीच्या चांगली दोन हात वर माती उडाली."

"माझा डोळाच गेला, दादा."

"अगं बये, डोळा गेला असता तर गोळ्या चहूकडे गेल्या असत्या. या एकाच ठिकाणी चालल्यात. चुकतंय ते दुसरंच काहीतरी."

दादाने बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले. जवळ कागद लावून, तिची चकती जेवढी फिरवली तेवढाच नेम हलतो का, ते टेपने मोजले. गोळीचा वेग मोजला. सगळे ठीक होते. शेवटी वैतागून त्याने गणकात वेगच वाढवून लिहिला, म्हणजे तो नेम कमी वर धरायला सांगेल. मधल्या अंतरावरच्या पाटीवर गोळी बरोबर बसली आणि दोघांनी टाळ्या दिल्या. पण लांबच्या पाटीवर गोळी पुन्हा वरूनच गेली.

महिन्याभराने स्पर्धा होती. "मी नाव काढून घेते," मालकीण घरी जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाली. "बंदूक नेमबाजीच्या क्लबला देऊन टाकू. आणि दादा, ज्या डोळ्याला लांबची पाटी सापडत नाही, त्याला घड्याळाचं चाक तरी सापडेल का? दुकानही उघडावं की नाही, कळत नाही."

क्लबला द्यायचे सामान निवडताना मी तिच्या हाती लागलो. तिने माझ्या पोटातला गळका सेल पाहिला आणि तिच्यातली घड्याळवाली जागी झाली. बारीक कुंचल्याने तिने माझ्या पोटातली हिरवी पूड झाडली आणि नवा सेल बसवला. माझी काच उजळली. दाब: आठशे शेहेचाळीस.

दादाने मोबाइल पाहिला. "यात तर एक हजार चौदा आहे. बिघडलाय बिचारा. टाकून दे."

काय सांगू, माझा पंखाच थिजला.

वहिनी शेजारी उकडलेल्या बटाट्यांत सुरी खुपसून बघत होत्या. त्या दातांच्या डॉक्टर, आणि जिभेच्या तिखट. "तुमचं यंत्र आणि माझे बटाटे, दोन्ही बिघडलेत. इतका वेळ उकळले तरी आत कच्चेच. वन्सं, तुमच्या समुद्राकाठी कसे पटकन शिजायचे हो!"

मालकिणीचा कुंचला थांबला.

"वहिनी, डोंगरावर पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही. कारण इथे हवा हलकी असते." तिने मला उचलून दिव्यापाशी धरले. "दादा, हा खरं बोलतोय."

"मग मोबाइल खोटं बोलतोय?"

तिने मोबाइलमधली बारीक अक्षरातली टीप शोधली आणि मोठ्याने वाचली. बातम्यांत प्रत्येक गावचा दाब, ते गाव समुद्राच्या पातळीवर असते तर किती भरला असता, असा हिशेब करून सांगतात. "तिकडे आपण समुद्राकाठीच होतो. दोन्ही आकडे सारखेच यायचे. म्हणून कधी कळलंच नाही. गणक इथली हवा तिकडच्यासारखी जड धरून चाललाय. हलकी हवा गोळीला कमी अडवते, आणि हा नेम उगाच वर धरायला सांगतोय."

दादाने कपाळाला हात लावला. वहिनी म्हणाल्या, "श्रेय बटाट्यांना द्या."

सकाळी आम्ही मैदानावर गेलो. दादाने गणकात मोजलेलाच वेग पुन्हा लिहिला. मालकिणीने मला उंच धरले. माझा पंखा फिरला, मी आकडा सांगितला आणि तिने तो लिहिला. दरीपलीकडे ऊन नुकतेच पोचत होते, आणि मधे ती सगळी न दिसणारी हवा उभी होती. केवढी ती! मालकीण आडवी झाली. तिने दुर्बिणीला उजवा डोळा लावला आणि श्वास सोडला.

गोळी गेली. दादा अजून काही बोलला नव्हता. पाटीचा आवाजही अजून दरीतून वाटेवरच होता.

"हलली!" मालकीण म्हणाली. "दादा, पाटी हलली. मला दिसली!"

मग आवाज आला, टण्.

मित्रांनो, तेव्हापासून माझी जागा तिच्या खिशात आहे. दुकान उघडले आहे. तुमच्याजवळही माझ्यासारखे कुणी कप्प्यात पडले असेल तर त्याच्या पोटातला सेल वेळीच काढा, वर्षातून एकदा त्याला बाहेरची हवा दाखवा. आणि नेम चुकू लागला की लगेच स्वतःच्या डोळ्यांना बोल लावू नका. आधी जिथे उभे आहात तिथली हवा विचारा. ती कायम तुमच्या खांद्यावर हात ठेवून उभी असते.