दुसऱ्याच्या हातचा अर्ज

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. शिष्यवृत्ती समितीने आमच्या मुलीचा अर्ज बाजूला ठेवल्याचं फोनवर कळलं, तेव्हा मी प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. समितीला मनातल्या मनात काय काय म्हणाले, ते लिहिण्यासारखं नाही.

'आमची मुलगी' म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईंची लेक. शिष्यवृत्ती मिळाली तर इंजिनिअरिंग, नाहीतर उद्यापासून आईशेजारी मशीनवर. आमच्या शाळेच्या समुपदेशक बाईंचा एक नेम होता. ज्याला शिष्यवृत्ती मिळेल त्याने पुढे दरवर्षी एका मुलाला हाताशी धरायचं. बाई निवृत्त झाल्या, तरी नेम चालूच आहे. यंदा ही चिमणी माझ्या वाट्याला आली होती.

मुलाखतीत तिला विचारलं, "'ज्ञानाची नवी क्षितिजं धुंडाळायची आहेत' असं लिहिलंयस, म्हणजे नेमकं काय करायचंय?" पोरीच्या तोंडातून शब्द फुटेना. फुटणार कुठून? ते वाक्य माझं होतं. अख्खा निबंधच माझा होता. तिने लिहिलेलं मला फारच साधं वाटलं, म्हणून मी एका बैठकीत सगळं 'सुधारून' दिलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

संध्याकाळी बाईंच्या घरी गेले. बाई आता काठी घेऊन चालतात. मी समितीवर तोंडसुख घेत होते आणि त्या मुकाट शेंगा सोलत होत्या.

"पेन कुणी धरलं होतं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"मी," मी म्हणाले.

बाई आमचे अर्ज तपासायच्या तेव्हा हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. कागदाला बोटसुद्धा लावायच्या नाहीत, नुसते प्रश्न विचारायच्या. माझा अर्ज मी सात वेळा लिहिला, सातव्यांदा रडत लिहिला. म्हातारी कामचुकार आहे, असं तेव्हा मी मैत्रिणींना सांगत सुटले होते.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाचा अर्ज स्वतः लिहिला," बाई म्हणाल्या. "सुरेख लिहिला. त्याला शिष्यवृत्ती मिळाली. चार महिन्यांत तो कॉलेज सोडून घरी आला. म्हणाला, बाई, तिथे सगळे ज्याची वाट बघतायत तो मी नाहीच. त्यानंतर मी हात मागे बांधले."

इतक्या वर्षांत हे त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. मला स्वतःची लाज वाटली आणि बाईंबद्दल इतकं भरून आलं, की मीही शेंगा सोलायला घेतल्या.

"उद्या समितीत जा," त्या म्हणाल्या. "चूक माझी, म्हणून सांग. आणि जीभ आवर."

दुसऱ्या दिवशी चिमणीला घेऊन गेले आणि समितीच्या अध्यक्षांसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी बाजूला ठेवलेला तिचा अर्ज पुढे ओढला. मग म्हणाले, "शेजारच्या खोलीत बसून तिने अर्ध्या तासात लिहून द्यावं. तुम्ही बाहेर थांबा."

चिमणी आत गेली. मी बाकावर बसले. दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत फिरले. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही.

अर्ध्या तासाने अध्यक्ष कागद वाचतच बाहेर आले. त्यात लिहिलं होतं: 'आई कापडावर खडू फिरवते तेव्हा मी शेजारी हिशेब करते. माप बोटभर चुकलं तर कापड वाया जातं आणि गिऱ्हाईक ओरडतं. पूल बांधताना माप चुकलं तर कोण ओरडत असेल, हे मला शिकायचं आहे.'

"हे तिचंच आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी आपल्या टेबलाशी जाऊन तिचा अर्ज उचलला आणि निवडलेल्यांच्या गठ्ठ्यात ठेवला.

चिमणी बाहेर आली ती खाली मान घालून. "ताई, रागावू नका. तुम्ही लिहिलेलं एकही वाक्य मी घेतलं नाही."

मी तिला तिथेच, सगळ्यांदेखत मिठी मारली. मग बाईंना फोन लावला आणि तो तिच्या हातात दिला. तिचं तिनेच सांगावं म्हणून.